कागद कुठला, तास कुठले

गेल्या जूनमध्ये पावसाने धरले त्या आठवड्यात धाकटा भाऊ दोन रंगीत माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या सोप्यात आला. एक फ्लोरिडातल्या विमानशाळेची, दुसरी स्पेनमधल्या. दोन्हींवर निळेभोर आभाळ, छोटे पांढरे विमान आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेली हसरी मुले. बाहेर चंदगडचा पाऊस असा, की समोरच्या घराची कौले दिसत नव्हती. भावाने पुस्तिका माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, “दादा, तू तीस वर्षं फिजिक्स शिकवलंस. आता एवढंच सांग की, अमेरिका का युरोप?”

पुतणी नुकतीच बारावी विज्ञान झाली होती. वैमानिक व्हायचे हे तिचे आठवीपासूनचे. मी स्वतः आयुष्यात चार वेळा विमानात बसलो आणि चारही वेळा उतरल्यावर हायसे वाटले. तरी प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता, कारण त्याच्यामागे आमच्या वडिलांनी लावलेली काजूची बाग उभी होती. या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या पुढे जातो. नंतर एखाद्या विशिष्ट जातीचे मोठे विमान चालवण्याचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपुढे तारण लागते. बँकेने शेतजमिनीबद्दल का-कू केली. गावठाणातला बिगरशेती प्लॉट आणि राहते घर यांचे कागद मागितले. त्यातूनही जे भागणार नव्हते त्यासाठी बाग विकायची, असे भावाने मनाशी धरले होते. चुकीच्या सल्ल्याने बाग गेली असती तर ती परत आली नसती.

म्हणून मी चार महिने मागून घेतले. दोन्ही देशांचे नियम वाचले, आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम वाचले, ओळखीतल्या दोन वैमानिकांना त्रास दिला. त्या धडपडीतून जे हाती आले ते इथे मांडतो आहे. एका घराचा प्रश्न एवढ्यासाठी जाहीर मांडायचा, की हल्ली तो तालुक्या-तालुक्यांतल्या घरांत विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर पुस्तिका छापणारेच देतात.

आम्हा चंदगडकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही : कागद एका राज्याचा आणि जगणे दुसऱ्या राज्यातले, म्हणजे काय. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला गेला. तेव्हापासून आमचा सातबारा कोल्हापूर जिल्ह्याचा. पण बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता बेळगावचा. माल कुठेही विका, दाखला मात्र ज्या सरकारचा त्याच्याच दारात चालतो. वैमानिकाच्या परवान्याचेही नेमके असेच आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे ५२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. आजची आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक त्या करारावर उभी आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकाला परवाना देण्यासाठी किमान काय लागते ते ठरवलेले आहे. त्यामुळे लोकांना वाटते, की एकदा परवाना मिळाला की तो जगभर चालतो. तो चालतो, पण एका अर्थानेच. ज्या देशात विमानाची नोंदणी झाली, त्या देशाचा परवाना वैमानिकापाशी हवा. अमेरिकी परवानाधारक अमेरिकेत नोंदलेले विमान घेऊन मुंबईला उतरू शकेल. पण भारतात नोंदलेले प्रवासी विमान चालवायचे तर त्याला डीजीसीएचाच परवाना लागेल. मग परदेशी परवान्याचे रूपांतर करावे लागते. त्यासाठी परदेशी खात्याकडून परवान्याची पडताळणी, भारतीय वैद्यकीय तपासणी, हवाई नियमांचा पेपर, आणि दिशाज्ञान व हवामानशास्त्र यांचा संयुक्त पेपर, एवढे तरी करावे लागते.

म्हणजे पुस्तिकेत विकला जातो तो परवाना आमच्या मुलीच्या हाती शेवटपर्यंत राहणारच नव्हता. ती परदेशातून आणणार होती ते उड्डाणाचे तास आणि त्या तासांत लागलेली सवय. हे ध्यानात आल्यावर प्रश्न थोडा सरळ झाला : ते तास आणि ती सवय अमेरिकेत कशी घडते, आणि युरोपात कशी?

अमेरिकेची रीत तिच्या भूगोलातून आली आहे. प्रचंड मोकळी जमीन आणि सर्वांना खुले असे सुमारे ५००० विमानतळ. आपल्याकडे २०१४ साली चालू विमानतळ ७४ होते आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत ते दीडशेच्या पुढे गेले, हे शेजारी ठेवले म्हणजे अंदाज येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३८ च्या अखेरीस, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांतून हजारो तरुणांना विमान चालवायला शिकवण्याची योजना जाहीर केली. तेव्हापासून तिथे विमान ही शेतकऱ्याच्या, डॉक्टरच्या, छोट्या व्यापाऱ्याच्याही हातातली वस्तू आहे. त्यामुळे शिक्षणाची पायरी खालून सुरू होते. आधी खाजगी परवाना, मग ढगांतून उपकरणांवर उडण्याची पात्रता, मग व्यावसायिक परवाना. प्रत्येक पायरीला एक लेखी परीक्षा, नंतर परीक्षकापुढे तोंडी, आणि लगेच त्याच्यासोबत उड्डाण. व्यावसायिक परवान्याची लेखी परीक्षा १०० बहुपर्यायी प्रश्नांची, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. तोंडी परीक्षा मात्र तासन् तास चालू शकते. पास झाले की परीक्षक तिथल्या तिथे १२० दिवस चालणारा तात्पुरता कागद देतो. पुढे घरी प्लॅस्टिकचे कार्ड येते, त्यावर राइट बंधूंची चित्रे असतात.

तासांचे दोन हिशेब आहेत. ‘भाग ६१’ नावाच्या मोकळ्या पद्धतीत व्यावसायिक परवान्याला २५० तास लागतात. ‘भाग १४१’ खाली मान्यता घेतलेल्या, ठरीव अभ्यासक्रमाच्या शाळेत १९० तास पुरतात. पण अमेरिकन मुलासाठी ही फक्त सुरुवात असते. तिथे मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायलाही साधारणपणे १५०० तास हवेत. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी असेल तर १०००, सैन्यातून आलेल्याला ७५०. मधले हजार-बाराशे तास तो कुठे भरतो? बहुतेक जण शिक्षक होतात. काल शिकलेले आज दुसऱ्याला शिकवायचे, नवख्याने विमान वाकडे केले की ते सावरायचे, असे दोन-अडीच वर्षे. मी आयुष्यभर मास्तरकी केली, म्हणून मला हे पटकन समजले. न्यूटनचा तिसरा नियम मला एम.एस्सी.त कळला नव्हता. आठवीच्या वर्गाला तो तिसऱ्यांदा शिकवताना कळला.

युरोपची रीत वेगळ्या मुळातून आली. जमीन दाट वस्तीची, आकाश अनेक देशांत वाटलेले, पेट्रोल महाग, हवा बेभरवशाची. छंद म्हणून उडणारे थोडे. तिथे विमान कंपन्यांनी स्वतःला हवे तसे वैमानिक पहिल्या दिवसापासून घडवायचे ठरवले. जर्मनीच्या लुफ्तान्साने ब्रेमेनची शाळा १९५६ सालीच काढली, म्हणजे चंदगड कोल्हापूरला जोडले गेले त्याच वर्षी. आज युरोपीय संघाची विमान सुरक्षा संस्था, जिला सगळे ‘इयासा’ म्हणतात, कोलोनहून संघाच्या २७ आणि बाहेरच्या ४ देशांसाठी नियम करते. तिथे विद्यार्थ्याला मोठ्या विमानाच्या कॅप्टनसाठी असलेला सगळा सैद्धांतिक अभ्यास सुरुवातीलाच करावा लागतो. सलग अभ्यासक्रमात वर्गातले ७५० तास, १३ विषय (काही वर्षांपूर्वीपर्यंत १४), प्रत्येकात ७५ टक्के, आणि पहिल्या पेपरापासून १८ महिन्यांत सगळे विषय सुटले पाहिजेत. उड्डाणाचे तास मात्र दोनशेच्या आसपास. त्यानंतर दोन वैमानिकांनी मिळून काम कसे करायचे याचा वेगळा अभ्यासक्रम, मग टाइप रेटिंग, आणि मग थेट प्रवासी विमानाच्या उजव्या खुर्चीत.

इथे एक गैरसमज काढला पाहिजे. १५०० तासांची अट युरोपातही आहे. विमान कंपनीच्या कॅप्टनला लागणारा सर्वोच्च परवाना, एटीपीएल, १५०० तासांशिवाय कुठेच मिळत नाही, भारतातही नाही. फरक एवढाच, की अमेरिकेत ते तास प्रवासी विमानात पाऊल ठेवण्याआधी भरायचे, आणि युरोपात अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून. अमेरिका म्हणते, आधी एकटा पोहून ये, मग नावेत घेऊ. युरोप म्हणते, नावेतच शीक, पण आधी नदीचे शास्त्र पाठ कर.

यांत श्रेष्ठ कोण, यावर वैमानिकांत वाद झडतात. मला त्याचे उत्तर २००९ सालच्या दोन अपघातांनी दिले.

१२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे छोटे प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना स्टॉल होऊन एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात पडले. २२८ माणसे गेली. एक अमेरिकन वैमानिकांचे, एक युरोपीय. दोन्हीकडे शेवटच्या क्षणी घडलेली चूक एकच होती.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखाला वाऱ्याशी ठरावीक कोनापर्यंतच उचल मिळते. नाक त्याहून वर गेले की पंखावरचा प्रवाह तुटतो, उचल जाते आणि विमान खाली बसू लागते. उपाय : नाक खाली करा, कोन कमी करा, वेग येऊ द्या. पण खाली पडणाऱ्या माणसाचा हात आपोआप दांडी मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर. पावसाळ्यात तिलारी घाटात मोटारसायकल घसरू लागली की हात पुढच्या ब्रेकवर जातो आणि तोच घात करतो, तसेच हे. बफेलोला कॅप्टनने दांडी ओढली. अटलांटिकवर, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही वेळ बंद झाल्यावर, सहवैमानिकाने विमानाचे नाक वर ठेवले. ३८,००० फुटांवरून समुद्रापर्यंत साडेतीन मिनिटे लागली.

यानंतर अमेरिकेने १५०० तासांचा कायदा केला. तो २०१३ पासून लागू झाला. पण बफेलोच्या कॅप्टनचे तास ३३७९ होते आणि सहवैमानिक स्त्रीचे २२४४. नवा कायदा आधीच असता तरी दोघेही त्याच खुर्च्यांत बसले असते. अटलांटिकवर ज्याच्या हाती नियंत्रण होते, त्या तिघांतल्या सर्वांत नवख्या वैमानिकाचेही जवळजवळ ३००० तास होते. तेव्हा नुसत्या तासांनी माणूस वाचत नाही, आणि नुसत्या पाठ केलेल्या शास्त्रानेही नाही. विमान हाताबाहेर जाताना शरीराने योग्य तेच करावे, ही सवय वेगळी शिकवावी लागते. अमेरिकेने तासांच्या कायद्याबरोबर विमान कंपन्यांना स्टॉलचा सराव सक्तीचा केला. युरोपने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक परवान्याच्या वाटेवरच्या विद्यार्थ्यालाही खऱ्या विमानात, विमान मुद्दाम उलटेपालटे करून ते सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. दोन्ही वाटा आपापली उणी बाजू भरून काढू लागल्या.

आता आपल्या मुलांकडे येतो. या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट इथेच सापडली.

भारतात प्रवासी विमानाचा सहवैमानिक व्हायला १५०० तास लागत नाहीत. वयाची १८ वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, आणि २०० तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळतो. टाइप रेटिंग केले की मुलगा एअरबस किंवा बोइंगच्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. परीक्षाही विषयवार आहेत : हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, तांत्रिक ज्ञान, आणि रेडिओ वापराची आरटीआर. ही चौकट ब्रिटिश वळणाची आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेकडून. आणि आपले विमानविषयक नियम १९३७ सालचे, पुढे दुरुस्त होत आलेले. म्हणजे नियमाने आपला देश युरोपच्या पंगतीला बसतो. पण परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांचा मोठा ओढा अमेरिकेकडे. कारणे साधी : बारमाही उघडी हवा, युरोपपेक्षा स्वस्त तास, इंग्रजी भाषा, विमानांची संख्या.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. आपला मुलगा अमेरिकेत जातो आणि त्या वाटेचा पहिला अर्धा भाग घेतो. ज्या दुसऱ्या अर्ध्या भागात अमेरिकन वैमानिक खरा घडतो, ती शिक्षकीची वर्षे, त्याला बहुधा मिळत नाहीत. बहुतेक विमानशाळांचा व्हिसा एम-१ प्रकारचा असतो. त्यावर शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामाची मुभा फार तर सहा महिन्यांची. महाविद्यालयाशी जोडलेल्या शाळांचा एफ-१ व्हिसा असेल तर वर्षभर काम करता येते, पण अशा शाळा थोड्या आणि महाग. मग तो दोनशे-अडीचशे तास घेऊन परत येतो आणि युरोपीय पद्धतीने थेट मोठ्या विमानात बसतो. पण युरोपीय मुलाच्या पाठीशी असलेले वर्गातले ७५० तास त्याच्यापाशी नसतात. दोन्ही वाटांचा अर्धा अर्धा तुकडा जोडून आपण तिसरी वाट तयार केली आहे, आणि जोडावर फट आहे. ती फट रूपांतराच्या दोन पेपरांनी भरत नाही. ज्याची त्याने जाणूनबुजून भरावी लागते.

फटीच्या काठावर काही प्रत्यक्ष खड्डेही आहेत. पालकांनी ते पैसे भरण्याआधी पाहावेत.

पहिला, तासांच्या मोजणीचा. ‘भाग १४१’च्या शाळेचे १९० तास अमेरिकेत पुरतात, डीजीसीएला २०० हवेत. त्यांतले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, आणि त्यांत किमान ३०० नॉटिकल मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इथे ‘प्रमुख’ या शब्दात गोम आहे. अमेरिकेत परवाना मिळालेल्या विद्यार्थ्याने शिक्षक शेजारी असतानाही विमान स्वतः हाताळले, तर तो तास लॉगबुकात प्रमुख म्हणून लिहिता येतो. दोन विद्यार्थी एकाच विमानात बसतात, एक डोळ्यांवर झापड लावून उपकरणांवर उडतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो, आणि दोघेही तोच तास प्रमुख म्हणून नोंदवू शकतात. तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे शिक्षकासोबतचा तास शिकण्याचाच तास असतो. लॉगबुकात १३० दिसणारे प्रमुखाचे तास दिल्लीत मोजताना १०० च्या खाली आले, तर उरलेले तास पुन्हा विकत घ्यावे लागतात.

दुसरा, सवयींचा. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, दृश्यता मैलांत. युरोपात आणि भारतात दाब हेक्टोपास्कलमध्ये, दृश्यता मीटरमध्ये. रेडिओवर आकड्यातल्या बिंदूला अमेरिकन ‘पॉइंट’ म्हणतो, बाकीचे जग ‘डेसिमल’. गोष्टी बारीक आहेत. पण आरटीआरच्या परीक्षेत आणि पुढे पावसाळ्यातल्या मुंबईच्या गजबजलेल्या रेडिओवर जीभ आपोआप वळायला हवी.

तिसरा, आकाशाचा. अॅरिझोनात वर्षातले बहुतेक दिवस ऊन असते. म्हणूनच खुद्द लुफ्तान्साने आपली मुले अनेक वर्षे अॅरिझोनातल्या गुडइयरला उडवली. तेव्हा युरोपीय शाळेचेही तास अमेरिकन आकाशातले असू शकतात, हे पुस्तिका वाचताना लक्षात ठेवावे. स्वच्छ आकाशात तास झपाट्याने भरतात. पण ज्या मुलीला उद्या जुलैत बेळगाव किंवा मंगळूरला उतरायचे आहे, तिला ढग वाचायला कुणीतरी शिकवले पाहिजे.

चौथा, युरोपच्या कागदाचा. ‘युरोप’ म्हणून अजूनही काही मध्यस्थ ब्रिटनच्या शाळा दाखवतात. २०२० संपताना ब्रिटन इयासाबाहेर पडले. त्याचा परवाना आता वेगळा. आणि इयासाचा परवाना मिळाला म्हणून युरोपात नोकरी मिळत नाही. तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो. अमेरिकेचेही तेच. उलट्या दिशेनेही वाट सोपी नाही : अमेरिकी परवानाधारकाला युरोपात जायचे तर सगळे १३ विषय पहिल्यापासून. म्हणून ज्या घरात आई-वडील किंवा जोडीदार युरोपचे नागरिक आहेत, तिथे इयासाची वाट महाग असली तरी शहाणपणाची. ज्यांना अमेरिकेत कायम राहण्याचा हक्क आहे, त्यांनी अमेरिकेची वाट अर्धी न सोडता शिक्षकीसकट पुरी करावी. आणि जिला भारतातच उडायचे आहे, तिने आधी भारताचा कागद बघावा, मग तास कुठे घ्यायचे ते.

चार महिन्यांनी भाऊ पुन्हा सोप्यात बसला, तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले. त्याचा चेहरा पडला. त्याला एका शब्दाचे उत्तर हवे होते. पुतणी मात्र वही घेऊन बसली होती. तिने विचारले, “काका, म्हणजे परदेशाचं नाव शेवटी येतं का?”

“हो,” मी म्हणालो. “आपल्या यादीत ते चौथं आहे.”

यादी अशी केली. पहिली, वैद्यकीय तपासणी. आधी दुसऱ्या वर्गाची, मग बंगळूरच्या वायुदलाच्या संस्थेत पहिल्या वर्गाची. रंग ओळखण्यात किंवा कानात दोष निघाला तर तो पन्नास लाख खर्चण्याआधी कळावा. दुसरी, डीजीसीएचा संगणक क्रमांक घेऊन सगळे पेपर इथे, घरी राहून. रूपांतराला कमी पेपर लागतात म्हणून तेवढेच द्यायचे नाहीत; युरोपीय मुलाच्या ७५० तासांची थोडी तरी भरपाई इथे करायची. हवामानशास्त्र आणि उड्डाणाचे भौतिकशास्त्र शिकवायला मी आहेच. तिसरी, ज्या शाळेची निवड करू तिच्याकडून लेखी : किती तास एकटीने, किती शिक्षकासोबत, स्टॉल आणि उलथापालथ सावरण्याचे किती, व्हिसा कोणता, आणि मध्येच सोडावे लागले तर किती पैसे परत. मध्यस्थाच्या तोंडी हमीवर एक रुपयाही नाही. चौथी, देश.

भावाने एक प्रश्न विचारला, तो मला आधी सुचायला हवा होता. “आणि सांबऱ्याला काय वाईट आहे?” आमच्या डोक्यावरून कधीकधी एका पंख्याचे छोटे विमान जाते. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर नऊ नव्या विमानशाळांना जागा दिल्या, त्यांतल्या दोन बेळगावच्या सांबरा विमानतळावर आणि दोन जळगावला. बारामती, धुळे, गोंदियाजवळचे बिरसी इथे आधीपासून आहेत. इथे शिकले की रूपांतराची भानगड नाही, तास पहिल्यापासून आपल्या हिशेबाने, रेडिओ आपल्या भाषेत, आकाश आपले. अडचण वेळेची : विमान, शिक्षक, परीक्षक आणि उघडे आकाश हे चारही एका दिवशी जुळावे लागतात, आणि आमच्या भागात जून ते सप्टेंबर आकाश जुळत नाही. कर्जाचे व्याज मात्र पाऊस बघून थांबत नाही. तेव्हा सांबराही यादीत चौथ्या ओळीवर लिहिला, अमेरिका आणि स्पेन यांच्या शेजारी.

पहिल्या वर्गाची तपासणी झाली. पुतणी पात्र ठरली. हवाई नियम आणि हवामानशास्त्र हे पेपर सुटले. दिशाज्ञानात ती पहिल्यांदा नापास झाली. त्या रात्री भाऊ म्हणाला, “बघ, इथंच अडकली.” मी म्हणालो, इथे अडकली ते बरे झाले. तिथे अडकली असती तर प्रत्येक आठवड्याचे भाडे डॉलरमध्ये गेले असते. आता रोज संध्याकाळी ती माझ्याकडे येते. वाऱ्याचा त्रिकोण काढतो : विमानाचे नाक एकीकडे, वारा दुसरीकडे, आणि जमिनीवरचा खरा मार्ग तिसरीकडे. तीन रेघा एका बिंदूत मिळेपर्यंत ती खोडरबर ठेवत नाही.

बागेला यंदा मोहोर चांगला येईल असे दिसते. भावाने गिऱ्हाइकाला अजून थांबायला सांगितले आहे. पुस्तिका माझ्या कपाटात आहेत; दोन्हींच्या मागच्या कोऱ्या पानांवर आमची यादी लिहिली आहे, आणि चौथ्या ओळीपुढची जागा रिकामी ठेवली आहे. दिशाज्ञानाचा पेपर सुटला की ती भरायची, आणि ती पुतणीने स्वतःच्या हाताने भरायची, असे ठरले आहे.